चारशे सत्त्याण्णव छर्रे

नंदिनी सहज बोलली होती. सून सहज बोलते ते सासऱ्यानं सहज ऐकावं आणि वर्तमानपत्राचं पान उलटावं, यातच घराचं कल्याण असतं. पण वामनराव गावंडे यांना सहज ऐकणं कधी जमलं नाही.

त्या रविवारी ती रेंजवरून घरी आली, एअर रायफलची लांबलचक पेटी दिवाणावर ठेवली, माठातलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "छर्रेच बरोबर नाहीत, बाबा. एकाच डबीतले, पण एक इकडे जाते, एक तिकडे."

एवढं बोलून ती आंघोळीला गेली. वामनरावांनी मात्र वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. वजनमापे खात्यात त्यांनी एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली होती. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली चुंबकं, तळ ठोकून वर आणलेली रॉकेलची मापं, कापडवाल्यांचे आखडलेले मीटर, हे सगळं त्यांनी पाहिलं होतं आणि पकडलंही होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी लग्नाच्या पंगतीत वाढपी वरण घेऊन आला, की त्यांची नजर आधी डावाच्या खोलीवर जाई. अशा माणसाच्या घरात, त्याच्याच सुनेला, कुणीतरी खोटा माल विकला होता.

नंदिनी मिहानमधल्या एका कॉम्प्युटर कंपनीत होती आणि तीन वर्षांपासून रायफल चालवत होती. दहा मीटरवर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका असतो, त्यावर साठ छर्रे मारायचे. तीन आठवड्यांनी राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. सहाशे पंधराच्या वर गुण मिळाले तर संघात, नाहीतर घरी. मागच्या चार सरावांत ती सहाशे अकरा-बाराच्या पुढे सरकत नव्हती. रात्री जेवताना ती गप्प असायची. मुलगा रोहित सहा महिन्यांसाठी पुण्याला गेला होता, त्यामुळे घरात हे गप्प बसणं वामनरावांनाच जास्त ऐकू यायचं. त्यांना सुनेचं फार कौतुक होतं. पण ते तोंडावर कसं सांगायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना फक्त तपासता येत असे.

तर त्यांनी तपासणी सुरू केली. त्याच मालाच्या न फोडलेल्या डबीवर 'पाचशे नग' असं छापलं होतं. वामनरावांनी जमिनीवर पांढरा कपडा अंथरला आणि मोजले. चारशे सत्त्याण्णव. पुन्हा मोजले. चारशे सत्त्याण्णव. मग बायकोला हाक मारली. शामलाबाईंचं माहेर कळमेश्वरकडचं, शेतीवाडीचं. त्यांनी पदर खोचला आणि मोजायला सुरुवात केली, "लाभ, दोन, तीन, चार…"

"एक का नाही म्हणत?" वामनरावांनी चौतीस वर्षांच्या संसारात दरवर्षी विचारलेला प्रश्न पुन्हा विचारला.

"आमच्याकडे पयल्या मापाले एक नाही म्हणत. लाभ म्हणतात. पयलं माप देवाचं," शामलाबाई म्हणाल्या. "आता तुमी मधात बोलले, पुन्हा मोजा लागते."

त्यांचेही चारशे सत्त्याण्णवच भरले. तीन छर्रे कमी. शिवाय डबीवर वजन लिहिलं होतं ते ग्रॅममध्ये नव्हे, ग्रेनमध्ये. मेट्रिक पद्धत येऊन साठ वर्षं होऊन गेली आणि हे गृहस्थ ग्रेनमध्ये वजन छापतात, हे वाचून वामनरावांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रक्त आलं. नगात खोट आणि एककात खोट, म्हणजे दोन वेगवेगळे गुन्हे. त्यांनी ठेवणीतला पांढरा बुशशर्ट घातला आणि तक्रार करायला निघाले.

तक्रार आता कागदावर करता येत नाही, पोर्टलवर करावी लागते. पोर्टल नावाची वस्तू सक्करदऱ्याच्या चौकात गोपिकाताईंच्या दुकानात मिळते. दुकानात झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, उन्हाळ्यात लिंबू सरबत आणि बारा महिने सरकारी फॉर्म असा व्यवहार चाले. गोपिकाताईंनी पडद्यावर मालाच्या प्रकारांची यादी उघडली. तीत साबण होता, सिमेंट होतं, अगरबत्ती होती, छर्रे नव्हते.

"वजन कशात लिहिलं हाय म्हणता साहेब?"

"ग्रेन."

"मंग ग्रेन म्हणजे धान्यच झालं ना," असं म्हणून गोपिकाताईंनी 'धान्य व कडधान्य' यावर बोट दाबलं. वामनराव त्या वेळी खिशात चष्मा शोधत होते. खाली त्यांनी स्वतःच्या शब्दांत मजकूर सांगितला होता: 'डबा उघडून मोजणी केली असता आत चारशे सत्त्याण्णव छर्रे आढळले.' एकेक शब्द खरा होता. वर धान्य आणि खाली छर्रे, अशी ती तक्रार कुठल्याशा कार्यालयाकडे रवाना झाली आणि वामनराव समाधानानं घरी आले.

घरी शेजारचे रुपराव वाट पाहत बसले होते. रुपराव रेल्वेतून निवृत्त झालेले. तरुणपणी रामटेकच्या जत्रेत त्यांनी बंदुकीनं फुगे फोडले होते आणि तेवढ्या शिदोरीवर ते आता नंदिनीला सल्ले देत.

"वामनराव, छर्रा चांगला का खराब थे जिभेवर ठेवून समजते," रुपराव म्हणाले.

"काका, शिसं आहे ते. तोंडात नका घालू," नंदिनीनं आतूनच सांगितलं. "हात लावला तरी साबणानं धुवा."

"बरं नाही घालत. पण थोडे मोहरीच्या तेलात भिजवून उन्हात वाळवून पाय. जत्रेतला थो बंदूकवाला असंच करे."

"त्याची बंदूक सरळ जायची का?"

"नाही गा, नळीच वाकडी राहे त्याची," रुपराव प्रामाणिकपणे म्हणाले. "आपणच वाकडं धरून माराव."

नंदिनीनं मग सासऱ्यांना छर्रा भिंगाखाली दाखवला. त्याला डोकं असतं, बारीक कंबर असते आणि खाली पसरट घेर असतो. घेर कुठे चेपला की छर्रा वाट सोडतो. वामनरावांनी भिंगातून पाहिलं, पण त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि दुसरा डोळा त्याला साथ देत होता. त्यांना सगळेच घेर चेपलेले दिसले.

शामलाबाईंनी चार घेर पाहिले आणि म्हणाल्या, "यात काय हाय एवढं. तुरीतले खडे नाही निवडत आमी?" दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी रुपरावांच्या बायकोला आणि कॉलनीतल्या आणखी दोघींना बोलावलं. व्हरांड्यात कूलरसमोर चौघी सुपं घेऊन बसल्या. सूप जरा तिरकं धरायचं, छर्रा वरून सोडायचा. चांगला असेल तर सरळ घरंगळतो, चेपलेला असेल तर वळण घेतो. ही युक्ती शामलाबाईंना कुणी सांगितली नव्हती. वामनराव चकित झाले आणि चकित झाल्याचं दिसू नये म्हणून वहीत काहीतरी लिहीत बसले. "हिचा घेर पाय वं, माह्या परकरावानी झाला," असं एकीनं म्हटल्यावर चौघी इतक्या हसल्या की दोन छर्रे कूलरच्या टाकीत गेले. ते पुढे मिळाले.

नेमक्या अशा वेळी फाटकाशी एक स्कूटी थांबली आणि हातात फाइल घेतलेल्या एक तपासनीस बाई आत आल्या.

"धान्यात चारशे सत्त्याण्णव छर्रे निघाल्याची तक्रार तुमचीच का?"

वामनराव उठून उभे राहिले. बाईंनी व्हरांड्यात पाहिलं. चार बायका, चार सुपं, सुपात छर्रे. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख दाटून आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठलीही तक्रार जागेवर इतकी तंतोतंत खरी निघालेली त्यांनी बहुधा पाहिली नसावी.

"अरे बापरे. अन् धान्य कुठे आहे?"

"धान्य नाहीच," वामनराव म्हणाले.

"सगळं निवडून झालं असंन," रुपराव कुंपणावरून मदतीला आले.

पुढची पंचवीस मिनिटं वामनराव समजावत होते की हे छर्रे धान्यात नव्हते, छर्रे छर्र्यांतच होते. बाई प्रत्येक वाक्यावर मान हलवत आणि 'तक्रारदार मनस्तापामुळे विसंगत बोलत आहेत' असं काहीतरी लिहीत. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, नमुना मात्र मले घ्यावाच लागन." आणि त्यांनी सुपातून मूठभर छर्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकले.

खरं म्हणजे इथे गप्प राहिले असते तर मूठभरांवर भागलं असतं. पण नमुना असा उचललेला पाहून वामनरावांच्या जिवाची कालवाकालव झाली. "असा नाही घेत नमुना, मॅडम," ते म्हणाले. "तीन भाग करायचे. तिन्ही समान. लाख लावून सील करायचे, साक्षीदाराची सही घ्यायची. एक तुम्हाला, एक प्रयोगशाळेला, एक राखीव." आणि त्यांनी स्वतः मोजून, प्रत्येकी वीस, असे साठ छर्रे तीन पुड्यांत बांधून, देवघरातल्या निरांजनावर लाख वितळवून, सील करून दिले. साक्षीदार म्हणून रुपरावांनी सही केली. बाई भारावून गेल्या. नंदिनीच्या सामन्याचे साठ छर्रे स्कूटीच्या डिक्कीत बसून निघून गेले.

उरलेल्यांत घेर चेपलेले एकतीस निघाले, ते वेगळ्या पुडीत गेले. आता वजन. एका छर्र्याचं वजन अर्ध्या ग्रॅमच्या जरा वर. फरक मोजायचा तर मिलिग्रॅमचा काटा हवा आणि तसा काटा असतो सराफाकडे. इतवारीत वामनराव ज्यांना ओळखत ते सराफ म्हणजे महादेवराव. ओळख चांगली होती, फक्त गोड नव्हती. नऊ वर्षांपूर्वी काट्याच्या तपासणीची मुदत टळून चार दिवस झाले म्हणून वामनरावांनी भर दिवाळीत त्यांच्यावर खटला भरला होता.

महादेवरावांनी त्यांना गादीवर बसवलं, थंड पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"काटा घरी नाही देता येत, साहेब. तपासणी ज्या जागेवर झाली, काटा त्याच जागेवर राहावा. तुमीच तर लिहून गेले होते."

"लिहिलं होतं," वामनराव म्हणाले.

"मंग बसा इथंच. दुकान तुमचंच हाय."

मिलिग्रॅमचा काटा पंख्याच्या वाऱ्यानंही हलतो. म्हणून पंखा बंद. एसीचा झोत थेट काट्यावर येत होता, म्हणून एसी बंद. बाहेर पंचेचाळीस डिग्री. वामनराव कोपऱ्यात मांडी घालून, चिमट्यानं एकेक छर्रा पारड्यात ठेवत, आकडा वहीत लिहीत बसले आणि घाम वहीत पडू नये म्हणून डोक्याला पंचा बांधून घेतला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला महादेवराव मोठ्या आदरानं सांगत, "हे आपले वजनमापेवाले गावंडे साहेब. शिसं तोलून राहिले." गिऱ्हाईक एकदा पंच्याकडे पाही, एकदा शिशाकडे पाही आणि हळूच विचारी, "केव्हापासून?" एका वृद्ध बाईंनी तर त्यांच्यासमोर केळं ठेवलं.

चार दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी महादेवराव स्वतःच पंचा बांधून समोर येऊन बसले, कारण उकाड्यानं गिऱ्हाईक यायचं बंद झालं होतं. वामनराव तोलत, महादेवराव लिहून घेत. शेवटी सराफी गुलाबी कागदाच्या नऊ पुड्या त्यांनीच बांधून दिल्या. म्हणाले, "सूनबाईचा नंबर लागला तर पेढे आणजा. पेढे मी तोलून घेईन."

घरी वामनरावांनी कुंकवाच्या नऊ डब्या मांडल्या. प्रत्येक डबीच्या झाकणात आतून त्यांचं काहीतरी चिकटवणं, लिहिणं तासभर चाललं. बरोब्बर एका वजनाचे, शंभराला दोन कमी असे निवडक छर्रे पहिल्या डबीत. मग उतरत्या क्रमानं. नवव्या डबीत अठ्ठ्याऐंशी छर्रे होते, त्यातला एकही दुसऱ्यासारखा नव्हता. "आता मी एकेक देतो, तू वरून नंबर टाक," असं त्यांनी शामलाबाईंना सांगितलं आणि पहिली डबी हातात देऊन ते पंचा धुवायला टाकून आले.

चाचणीच्या दिवशी सकाळी वामनराव दाढी करत होते. नंदिनीनं दारातून विचारलं, "बाबा, कोणती डबी नेऊ?"

"एक नंबरची," आतून आवाज आला.

ती गेली. शामलाबाईंनी तिच्या हातावर दही ठेवलं, रुपरावांनी नळीबद्दल काहीतरी सांगितलं. दीड तासानं वामनराव देवाला नमस्कार करायला गेले आणि हात जोडलेलेच राहिले. देवासमोर एक डबी होती. डबीवर शामलाबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'लाभ'.

"हे काय आहे?"

"पयली डबी. देवापुढं ठेवली होती. तिनं नेली नाही का वं माय?" शामलाबाई हात पुसत आल्या.

वामनराव धावत कपाटाकडे गेले. दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. बस. नऊ नव्हती. शामलाबाईंचा नऊ पोटात इतका बारीक असतो की घाईत तो एकच वाटतो. 'एक' असा आकडा ज्या घरात कुणी लिहिलाच नव्हता, तिथून सून एक नंबरची डबी म्हणून नवव्या नंबरचा गाळ घेऊन गेली होती.

रेंज मिहानच्याही पलीकडे, घरापासून पाऊण तास. सामना वीस मिनिटांवर. रुपरावांनी स्कूटरला किक मारायला सुरुवात केली, पण ती स्कूटर सुरू होईपर्यंत पारितोषिक वितरणही झालं असतं. वामनरावांनी फोन लावला.

"बाबा, बोला लवकर, फोन जमा करून राहिले इथं," नंदिनी म्हणाली. तिचा आवाज बारीक येत होता. "मले जरा कसंतरीच होऊन राहिलं. डबी एक नंबरचीच आहे ना? बरोबर आहे ना सगळं?"

वामनरावांनी तोंड उघडलं. एकतीस वर्षांत त्यांनी मंत्र्याच्या मेव्हण्याच्या पेट्रोलपंपालाही खोटा दाखला दिला नव्हता. त्यापायी दोनदा गडचिरोलीला बदली झाली होती. शामलाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. फोनमध्ये सूनबाईचा श्वास ऐकू येत होता.

"एक नंबर आहे," वामनराव म्हणाले. "मी स्वतः तपासली. डोळे मिटून मार, बेटा."

"डोळे मिटून कशी मारू, बाबा," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

पुढचे तीन तास वामनराव खुर्चीत बसून राहिले. शामलाबाईंनी दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तो थंड झाला. आपण तिला आंधळ्या विहिरीत ढकललं, असं वामनरावांना वाटत होतं. हरली तर छर्रे हरतील, पण दोष ती स्वतःला देईल, कारण सासऱ्यांनी सांगितलं होतं की छर्रे एक नंबर आहेत.

दोन वाजता फाटक वाजलं. नंदिनीनं पेटी दिवाणावर ठेवली, माठातलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "सहाशे सोळा पूर्णांक दोन. संघात आहे मी."

शामलाबाईंनी तिला जवळ घेतलं आणि रडायला लागल्या. रुपराव कुंपणावरून म्हणाले की नळी त्यांनी सांगितल्याप्रमाणेच धरलेली दिसते. वामनराव उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. पानं मांडली गेली. भात कालवता कालवता शेवटी त्यांना राहवलं नाही.

"नंदिनी, एक सांगायचं होतं. ती डबी एक नंबरची नव्हती. नऊची होती. मी खोटं बोललो."

"माहीत आहे, बाबा."

"काय माहीत आहे?"

"तुमचा फोन आला तेव्हा डबी उघडीच होती माझ्या हातात. झाकणाच्या आत तुमच्या अक्षरात लिहिलं आहे." तिनं पर्समधून डबी काढून ताटाशेजारी ठेवली. झाकणात चिठ्ठी चिकटवलेली होती: 'डबी क्र. ९. वजनात मेळ नाही. नापास. वापरू नये.' खाली सही आणि तारीख.

वामनरावांनी हातातला घास ताटात परत ठेवला. "मग विचारलं काहून?"

"घाबरली होती. वाटलं, तुमी आता ओरडाल, कुणाची तरी डबी उसनी घे म्हणाल." तिनं भातावर वरण घेतलं. "अन् तुमी म्हणाले, एक नंबर आहे. मले हसूच आलं, बाबा. जो माणूस चार दिवसांसाठी सराफावर खटला भरते, तो माझ्यासाठी खोटं बोलून राहिला. हात थरथरायचा थांबला माझा. मग तेच मारले, साठही. कोच म्हणतात, येवढ्या फरकानं दहा मीटरवर काही होत नाही."

"काही होत नाही?" वामनरावांना चार दिवसांचा घाम, पंचा आणि केळं आठवलं. "नापास छर्र्यांनी सहाशे सोळा?"

"पूर्णांक दोन," नंदिनी म्हणाली.

वामनरावांनी डबी उचलून झाकणातली स्वतःची सही नीट पाहिली. आयुष्यभर त्यांनी लोकांचं खोटं लेखी पुराव्यानिशी पकडलं होतं. आज त्यांचं स्वतःचं पकडलं गेलं, तेही त्यांच्याच अक्षरातल्या पुराव्यावर. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी घसा खाकरला, पण नंदिनीनं तोवर त्यांच्या ताटात गरम पोळी वाढली होती आणि तिच्यावर जरा जास्तच तूप सोडलं होतं. किती ते त्यांनी पाहिलं नाही. डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्यांना ते दिसलंही नसतं.